हिरव्या कुरणानंतर काय?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, नगरकडे दुसऱ्यांच्या उसात राबले आणि मला बी.एस्सी. केलं. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून क्रुसाच्या शेजारी लावलंय. त्यांना वाचता येत नाही, म्हणून घरी आलेल्या माणसाला आधी ते वाचायला लावतात आणि मग चहा देतात.

अशा माणसाला मी फोनवर सांगितलं, की तुमच्या नातीला शाळेतून काढलंय, आता मीच घरी शिकवतेय.

"नापास झाली का?"

"नाही, अप्पा."

"मंग तू नापास झालीस," म्हणाले आणि फोन ठेवला.

शाळा वाईट नव्हती. पण वर्ग मोठा, आणि कुणी चुकलं की पोरं हसायची. दुसरीत जाईपर्यंत मुलीनं तोंड उघडणंच सोडलं. सकाळी बूट घालताना पोट दुखायचं. डॉक्टरांनी पोट तपासलं, पोटात काहीच नव्हतं. नवरा हिंजवडीला कामाला, आम्ही कासार आंबोलीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. दोघांनी बरेच दिवस प्रार्थना केली आणि ठरवलं. कुणाला पटो न पटो.

घरमालकीण मावशींना तर अजिबात पटलं नाही. "एवडी शिकलेली बाई तुमी, आन पोरगी घरात? दिसभर करती काय ती?"

"शिकते, मावशी."

"मंग माज्याकडं धाडा. भात लावायला शिकंल." टोमणाच होता तो. मी खरंच धाडली. त्यांनी तिला बांधालगतचा एक कोपरा दिला. मुलगी चिखलात गुडघाभर उभी राहून रोपं लावायची, आणि घरी आली की आम्ही त्याच रोपांवर पाढे करायचो. आकाशाखाली शाळा वगैरे म्हणायला छान वाटतं. खरं सांगायचं तर चिखलाचे कपडे धुऊन माझे हात गेले.

भात पिकून कापणीला आलं तेव्हा अप्पा न सांगता आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "कापणीच्या सणापत्तोर ऱ्हातो. पोरीचं काय चाललंय ते बघतो. न्हाई पटलं तर तिला संगं घिऊन जातो, गावच्या शाळंत घालतो." जावयाकडे बघून पुढे म्हणाले, "इचारत न्हाई, सांगतोय."

ते बोललेलं करतात. तसं नसतं तर मी बी.एस्सी. झाले नसते.

आणि पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. आमच्याकडे दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना असते. गाणं होतं, वाचन होतं, मग दिवसभरात ज्याचं जे चुकलं ते तो सांगतो. मोठेसुद्धा. मुलगी म्हणाली, "देवबापा, मी आज मावशींच्या वासराचं शेपूट ओढलं. त्याला राग आला." मग माझी पाळी. मी म्हणाले, "प्रभू, भागाकार समजावताना मी हिच्यावर विनाकारण ओरडले. बाळा, मला माफ कर."

"केलं," ती म्हणाली आणि मला चिकटून बसली.

अप्पांचे डोळे उघडेच होते. आमेन झाल्या झाल्या कडाडले, "आईनं पोरीची माफी मागायची? देवाच्या म्होरं? उद्या डोक्यावर बसंल!"

"बसू दे," मी म्हणाले. "तिथून पडली तरी आई खालीच आहे."

जेवताना त्यांनी पाट माझ्याकडे पाठ होईल असा फिरवून घेतला. भात मात्र दोनदा घेतला.

कापणीचा सण म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतला सगळ्यात गजबजलेला रविवार. घरोघरचं धान्य, दुधी, केळी, अंडी, कुणाचा कोंबडासुद्धा वेदीपुढे येतो. उपासनेनंतर चर्चच्या निधीसाठी त्याचा लिलाव होतो, आणि घेतलेला दुधी माणसं पुन्हा लिलावाला देतात. त्याआधी मुलं आपापली भेट घेऊन पुढे येतात आणि पाठ केलेलं म्हणतात. मुलीच्या हातात तिच्या कोपऱ्यातल्या भाताची पेंढी होती. मावशींनी ती स्वतः बांधून दिली होती, आणि "तुमच्या देवाला म्हनावं, आंबेमोहोर हाय, साधा तांदूळ न्हाई," असा निरोपही. पाठ होतं बायबलमधलं मेंढपाळाचं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' असं सुरू होणारं.

सुरुवात चांगली झाली. हिरव्या कुरणाच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली.

मला तो थांबा ओळखीचा होता. शाळेत असाच थांबायची, आणि मग मान खाली जायची ती घरी येईपर्यंत वर यायची नाही. मागे कुणीतरी पोर फिसकन हसलं. शेजारी बसलेल्या अप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. आपली नात सगळ्या मंडळीसमोर रडणार, असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुलीनं पेंढी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आई, विसरले! हिरव्या कुरणानंतर काय?"

सगळी मंडळी हसली, आणि तीही हसली.

"पाणी!" मी बसल्या जागेवरून ओरडले.

"हां, पाणी," ती म्हणाली आणि पुढचं सगळं शेवटापर्यंत म्हणून, पेंढी ठेवून, उड्या मारत जागेवर आली.

अप्पांनी माझं मनगट सोडलं. लिलावात ती पेंढी त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही. एक सद्गृहस्थ बोली चढवत होते, त्यांना म्हणाले, "साहेब, तुमी कोंबडा घ्या की."

दुसऱ्या दिवशी अप्पांना पौडला एसटीत बसवायला आम्ही दोघी गेलो. पेंढी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतली होती. भिंतीवर फ्रेमच्या शेजारी जागा आहे, एवढंच बोलले. मुलीला संगं न्यायचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

गाडी सुटायच्या आधी खिडकीतून मुलीला म्हणाले, "म्होरल्या सणाला येतो. तवर याच्याहून मोठं स्तोत्र पाठ कर."

"आणि विसरले तर, आजोबा?"

"इचार की," अप्पा म्हणाले. "आई बसलेली असंलच."