छातीतला डाग

दवाखान्याच्या खिडकीशी एक बाई आपल्या छातीचा एक्स-रे उजेडात धरून बघत होती, आणि मला आत्या आठवली.

आत्याला संध्याकाळी बारीक ताप यायचा, खोकला हटत नव्हता, ब्लाउज सैल होत चालले होते. सगळे म्हणायचे, दगदग झाली. शेवटी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. "छातीत डाग आहे," एवढंच आई कुजबुजायची. आत्याची कपबशी वेगळी झाली. वेळेवर गोळ्या घेऊन ती ठणठणीत बरी झाली, कपबशी मात्र वेगळीच राहिली.

पुढे सूर्यग्रहण आलं. तेव्हा कसली अक्कल! आत्याचा तोच जुना एक्स-रे डोळ्यांपुढे धरून आम्ही पोरं गच्चीवर उभी. तिच्या बरगड्यांमधून अर्धा सूर्य दिसत होता.

"आत्या, यात तुझा डाग कुठाय गं?" मी विचारलं.

ती हसली. "आज सूर्याला लागलाय. त्याचा लगेच सुटेल बघ."

खिडकीतली बाई एक्स-रे पाकिटात सारून निघाली. घरी तिला चहा कुठल्या कपात मिळेल, कोण जाणे.