माझी ट्राम आणि आईचा ओटा

सरकारी ऑफिसात मी आजवर जेवढे अर्ज दिले, त्यातल्या एकाच अर्जावर ताबडतोब कारवाई झाली, आणि त्यात आमच्या घरापुढचा ओटा गेला.

बाकीच्या अर्जांचं काय झालं हे विचारणं मी सोडून दिलं आहे. नालीचा अर्ज, खांबावरच्या दिव्याचा अर्ज, नळाला सकाळी पाणी सोडा म्हणणारा अर्ज... ते सगळे कुठल्याशा कपाटात सुखानं पिवळे पडताहेत. मी एका लहानशा संघटनेत काम करते आणि पत्रकं लिहिण्याचं खातं माझ्याकडे आहे. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत त्याला जबाबदार कोण, तिसऱ्या ओळीत मागणी. खातरजमा चौथ्या ओळीत करायची असते. तिथवर माझा कागद पुरत नाही.

आमचं घर सीमेपलीकडच्या, हिंदी कारभाराच्या बालाघाटात, खाणीकडून स्टेशनाकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यावर आहे. या रस्त्यानं म्हणे एके काळी ट्राम जायची. मुंबई-कलकत्त्याची, तारेखालून धावणारी, तिकीटवाली ट्राम डोळ्यांपुढे आणू नका. आमची ट्राम म्हणजे अरुंद पटरीवरचे लोखंडी डबे, डब्यांत मँगनीजचे काळे दगड आणि मागून ढकलणारी दोन माणसं. त्या दोघांतले एक माझे आबाजी, म्हणजे बाबांचे वडील.

चढावर ढकलायचं, उतार लागला की मागच्या फळीवर उडी मारून उभं राहायचं, आणि ब्रेक म्हणून एक लाकडी दांडा चाकावर दाबून धरायचा. दांडा मोडला तर आरडाओरडा करायचा. तो दुसरा ब्रेक! ट्रामचा खडखडाट ऐकू आला की रस्त्याकडेच्या बाया धावत बाहेर यायच्या. आधी दोरीवरची लुगडी ओढायच्या (काळी धूळ बसली की पांढरं लुगडं पुढे रंगीत म्हणूनच नेसावं लागे), मग पटरीवर वाळत घातलेली मोहफुलं गोळा करायच्या, आणि वेळ उरला तर लेकरं. एकदा म्हणे परसवाड्याकडची एक नवरी पाय दुखतात म्हणून डब्यात बसून सासरी आली. सासरच्यांनी तिला दोनदा आंघोळ घातली, मग ओळखली.

हे सगळं ऐकत मी मोठी झाले. "ट्राम आपल्या दारातून जाये," हे आबाजींचं वाक्य तर मी चालायच्या आधी शिकले असेन. तेव्हा हा रस्ता सिमेंटचा होणार, असं जाहीर झालं आणि माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. ट्रामच्या आठवणी सिमेंटखाली गाडणार? आणि समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानवाल्या सेठजींनी पायऱ्या रस्त्याच्या मध्यापर्यंत आणून ठेवल्या आहेत, त्यांच्याखाली पटरी दबली असेल त्याचं काय?

पुरावा तर आमच्या घरीच होता. आमच्या ओट्याच्या फरशीखालून पटरीची दोन टोकं बाहेर डोकावत असत. लहानपणी मी त्यांवर गुडघे फोडले होते. तरीही रीतसर साक्ष हवी म्हणून मी आबाजींना ओट्याजवळ नेलं आणि विचारलं, "आबाजी, ट्रामची पटरी हीच ना?"

आबाजींनी वाकून टोकावर हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. "हौ," ते म्हणाले, "हेच. म्या ओळखतो इले."

एवढं पुरे होतं. मी ओट्याचा फोटो काढला आणि अर्ज लिहिला. मागणी माझ्याच शब्दांत देते (हिंदीतल्या अर्जाचं मराठी करून): "ऐतिहासिक ट्राम पटरीवरील सर्व अतिक्रमणं, कोणाचीही गय न करता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, तात्काळ हटवून पटरी जनतेसाठी खुली करावी." हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सेठजींच्या पायऱ्या होत्या. अर्जाला फोटो मात्र आमच्या ओट्याचा जोडला.

त्या ओट्यावर आईची शिलाई मशीन होती. आमचं घर आतून इतकं अंधारं की भरदुपारी सुईत दोरा ओवायचा तरी बाहेर यावं लागतं. ओटा म्हणजे आईचं दुकान. त्यातून चौदा एप्रिलची जयंती तीन आठवड्यांवर आलेली. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया पांढरी साडी आणि पांढरा ब्लाउज घालून निघतात, आणि ते सगळे ब्लाउज आई शिवते. एक वर्ष जरी उशीर झाला तरी बाया बाजारातल्या टेलरकडे वळतील आणि परत फिरकणार नाहीत, ही तिची धास्ती.

फोटो काढताना तिनं मला हटकलं. "ओट्याच्या भानगडीत पडू नको वं. मले जयंतीलोक शिवू दे." (आमच्याकडे 'लोक' म्हणजे 'पर्यंत'.)

मी म्हटलं, आई, हा आपल्या इतिहासाचा प्रश्न आहे.

"इतिहासाले बाह्या लावा नाही लागत," आई म्हणाली. "ब्लाउजले लागते."

पुढच्याच आठवड्यात ऑफिसचं पत्र आलं. अर्जाची दखल घेतली आहे, अमुक दिवशी जागेवर कारवाई होईल. मी ऐटीत सही केली. कुठल्या जागेवर, ते पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. (चळवळीत मागची बाजू वाचायची सवय राहत नाही. आमची पत्रकं एकाच बाजूला छापलेली असतात.)

ठरल्या दिवशी जेसीबी आला. मी मोहल्ला गोळा केला होता, आबाजींना धुतलेला सदरा घालून खुर्चीवर बसवलं होतं, आणि शेजारच्या खोब्रागडे काकूंनी त्यांना झेंडूचा हार घातला होता. मी भाषण सुरू केलं. ऑफिसातून आलेले साहेब माझ्याकडे मोठ्या आदरानं पाहत होते. जेसीबी सेठजींच्या दुकानापुढे थांबला, थोडा मागे सरला, वळला, आणि त्याचा दात आमच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. आई तेव्हा मशीनवर बसून कुणाचा तरी गळा कापत होती. ब्लाउजचा.

मी धावत साहेबांकडे गेले. चूक होतेय म्हणाले, समोर बघा, पायऱ्या बघा. साहेबांनी शांतपणे फाईल उघडली.

"मैडम, आवेदन आपका, फोटो आपका, ओटा आपका. और आप ही ने लिखा है, किसी के दबाव में नहीं आना."

माझ्या आयुष्यात प्रथमच एक अधिकारी माझ्या पत्रकातल्या शब्दाला जागत होता. मोहल्ला बघत होता. मागे फिरले असते तर उद्यापासून माझ्या पत्रकात लोकांनी भजी बांधून नेली असती. मी छाती काढून म्हटलं, "हटवा. सुरुवात आमच्यापासून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं मशीन उचलली, ब्लाउजांचं गाठोडं काखेत मारलं आणि बाजूला झाली.

ओटा पडला. धूळ बसली. खाली खरंच दोन पटऱ्या होत्या. मी घोषणा द्यायला हात वर केला आणि तो वरच राहिला.

पटऱ्या रस्त्याच्या कडेनं जात नव्हत्या. त्या रस्त्यापासून निघून सरळ आमच्या घराकडे गेल्या होत्या. ओट्याच्या फरशीला आधार म्हणून आडव्या टाकलेल्या, हातभर अंतरावर.

साहेब वाकून बघत राहिले. "मैडम, ये ट्राम आपकी रसोई में जाती थी क्या?"

मी आबाजींकडे वळले. हारातून त्यांचं तोंड जेमतेम दिसत होतं. मग त्यांनी सांगितलं ते असं. ट्राम बंद झाली, लाईन उखडली, पटऱ्या भंगारात निघाल्या. ज्यांनी आयुष्यभर डबे ढकलले त्यांनी एकेक दोन-दोन तुकडे बैलगाडीत घालून घरी आणले. कुणी पटरी दरवाज्यावर टाकली, कुणी गोठ्याचा खांब केला, आबाजींनी ओट्याखाली घातली. खोब्रागडे काकू ज्यावर दोरी बांधून कपडे वाळवतात तो खांबही पटरीच होता. अख्ख्या रस्त्याला हे ठाऊक होतं. इतिहासाची चौकशी फक्त मी केली नव्हती.

"पण तुम्ही तर म्हणाले होते पटरी हीच!"

"हेच तं हाय," आबाजी म्हणाले. "कुठं होती, हे तू कुठं इचारलं?"

"आणि दारातून जायची म्हणायचे ते?"

आबाजींनी हाराचं एक फूल कुस्करलं. "नाल्याच्या पल्याडून जाये. दारातून दिसे."

तरीही मी हार मानली नाही. (हा माझा गुण आहे, असं आमच्या संघटनेत म्हणतात. घरी दुसरा शब्द आहे.) मी साहेबांना म्हटलं, कदाचित ही ट्रामची फाट्याची लाईन असेल, आणखी थोडं आत पाहायला हवं. साहेबांनी विचारलं, और अंदर, मतलब? मी घराकडे बोट करणार, तेवढ्यात आई बोलली.

"हौ, खोदा. चूल बी काढा. हे पोरगी सरळ दिल्लीलोक पटरी नेते."

जेसीबी परत गेला. सेठजींनी सगळ्यांना चहा पाजला; एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खोब्रागडे काकूंनी आईला स्वतःच्या ओट्यावर जागा दिली, आणि मशीन तिकडे गेली. पण मांडामांड, धूळ झटकणं, पांढरं कापड पुन्हा धुणं यांत दिवस गेले ते गेलेच. ब्लाउज तर पुरे व्हायलाच हवे होते. मग आईनं मला समोर बसवलं आणि सांगितलं, आता जयंतीपर्यंत पत्रक नाही, निवेदन नाही. सगळ्या ब्लाउजांना हुक तू लावायचे.

मी जीव ओतून लावले. एका बाजूला हुक, दुसऱ्या बाजूला दोऱ्याची घरं. पहिला ब्लाउज मापाला घेऊन बाकीचे त्यावर बेतले, म्हणजे काम एकसारखं होईल. आदल्या संध्याकाळी सगळे ब्लाउज घरोघरी पोचले. एकही उशिरा नाही. ओटा पडल्यापासून आई प्रथमच माझ्याकडे बघून हसली.

जयंतीच्या सकाळी दार वाजलं. पुढे खोब्रागडे काकू, मागे मोहल्ल्यातल्या झाडून साऱ्या बाया, पांढऱ्याशुभ्र साड्या, छातीशी घट्ट धरलेले पदर. पहिल्या ब्लाउजात माझे हुक घरांपेक्षा बोटभर खाली लागले होते, आणि बाकीचे सगळे मी त्यावरच बेतले होते. प्रत्येकीचा एक खांदा वर, एक खाली.

काकूंनी आईला विचारलं, "शिलाई तं तुमची नेहमीसारखी एक नंबर हाय. हुक कोणं लावले वं?" आईनं मान न वळवता माझ्याकडे बोट केलं.

एवढ्या बाया मी काढलेल्या कुठल्याही मोर्चाला आल्या नव्हत्या. काय ती शिस्त, काय ती एकजूट, कुणाला बोलवायला जावं लागलं नाही. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "निवेदन लेखी आणलं का?"

"लेखी काही नाही," काकू म्हणाल्या. "सेफ्टी पिना दे."

घरात होत्या नव्हत्या तेवढ्या पिना मी वाटल्या, कमी पडल्या त्या सेठजींच्या दुकानातून पळत जाऊन आणल्या. दहा मिनिटांत मोर्चा समाधानानं परतला. आमच्या चळवळीच्या इतिहासात सगळ्या मागण्या जागेवर मान्य झालेला हा एकमेव मोर्चा, आणि तो माझ्यावर आला होता.