कमी पाण्यावरची कौसा

माझी नणंद कौसा करवंदाच्या रोपांत तोंडावर पडली, तेव्हा भरलेला माठ तिच्यापासून चार पावलांवर होता. ऊन डोक्यावर आलेलं, आणि सकाळपासून ती घोटभरही प्यायली नव्हती. मी तोंडावर पाणी मारलं तर डोळे मिटूनच पुटपुटली, "वहिनी, पाणी नासू नका." अशा बाईला काय म्हणावं?

खुलताबाद रस्त्याला आमची रोपवाटिका आहे. कुंपणाची झुडपं आम्ही दोघी वाढवायचो. मेंदी माझी, करवंद तिचं. पिशवीतली माती वरून पांढरी पडली की मी झारी उचलायचे. कौसा आधी मातीत बोट खुपसायची. खाली ओल लागली की झारी माझ्या हातातून ओढून घ्यायची.

"वर कोरडं राहू द्या. ओल खाली असली म्हंजे मूळ तिच्यामागं जातं. तुमची मेंदी पाणी पिऊ पिऊ नुस्ती पानं काढती, अन् जितकी पानं तितकं पाणी मागती. लई लाडावली."

तिची करवंदं वीतभर, पानं बारकी, जाड. गिऱ्हाईक माझी उंच मेंदीच उचलायचं. मी म्हणायचे, "कौसे, तुझी रोपं तुझ्यासारखीच. वाळकी अन् काटेरी."

"व्हय, पण तुमच्यासारखी घडीघडी माठाकडं तर पळत नाय!"

रोपांचं तिचं खरं होतं. पण ही शहाणी तेच स्वतःला लावायची. पाचोडकडच्या तिच्या सासरी विहीर लांब. सुनेनं दुसरा तांब्या उचलला की सासू विचारायची, "आणायला कोण जाणार?" त्या सासूला गाव अजून काटकसरी म्हणतं. सासू मेली, घरोघरी नळ आले, कौसा विधवा होऊन माहेरी आली, तरी दिवसभराला हिचा तांब्या एकच. वर मिरवायची, "सवय लावली की अंग मागत नाय." अंगाला काय मुळं असतात खाली सोडायला? तोंडावर विचारलं होतं मी. हसत पुढच्या पिशवीत बोट खुपसायला लागली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, लघवीला कधी गेला होता?" कौसा लाजून माझ्याकडं बघत राहिली. किडन्या बंद पडल्या होत्या. नर्स सलाईनची बाटली बदलायला आली तर हिचं सुरू, "अजून एक? आता बास की."

तिथंच गेली.

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "काही म्हणता काही मागितलं नाही हो बिचारीनं." मी म्हटलं, "म्हणूनच मेली." मग त्या फार वेळ बसल्या नाहीत.

मी तिच्या उशाशी होते तोवर रोपांना कुणीच पाणी घातलं नव्हतं. माझ्या मेंदीच्या काड्या झाल्या. करवंदांनी माना टाकल्या होत्या, पण पानं हिरवी होती. ती रोपं जगली. आम्हा दोघींतली मी उरले.