अँब्रोझ दाजींची बोटं

आमचे अँब्रोझ दाजी तसे खोटं बोलत नाहीत. घडलेली गोष्ट त्यांना जराशी अपुरी वाटते, म्हणून ते ती पुरी करतात. त्यांनी धरलेला मासा चुलीपर्यंत येईतो हातभर वाढतो. पण व्हायोलिन हातात घेतलं की माणूस बदलतो. अलास्कातल्या युकॉन नदीकाठच्या आमच्या गावात नाचाला त्यांच्यासारखं कुणी वाजवत नाही. मी त्यांचा मेहुणा असूनही हे कबूल करतो.

त्या जानेवारीत पारा उणे पंचेचाळीसवर होता आणि दाजी बर्फावर चालणारी स्नोमोबाईल घेऊन गोठलेल्या नदीवरून सरपण आणायला निघाले. माझी थोरली बहीण डेल्फीन त्यांचे हातमोजे दोरीने गळ्यात अडकवायला गेली.

"दोरी शेंबड्या पोरांना लागते," दाजी म्हणाले.

"म्हणूनच बांधतेय," ताई म्हणाली. पण ते थांबले नाहीत.

मी मागून माझी गाडी घेऊन गेलो, तर वळणावर दाजी उभे, दोन्ही हात काखेत. गाडी बंद पडली होती. पेट्रोलची नळी सोडवायला त्यांनी मोजे काढून सीटवर ठेवले होते. नळीतलं पेट्रोल बोटांवर सांडलं आणि वाऱ्याने एक मोजा उडवून नेला. अशा थंडीत पेट्रोल पाण्यासारखं गोठत नाही, पण हाड गोठवतं. डाव्या हाताची चारही बोटं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती. त्यांनी ती सीटवर आपटून दाखवली. लाकडासारखा टकटक आवाज आला.

"दुखत नाही रे अजिबात," ते म्हणाले. मला त्याचीच भीती वाटली.

मी त्यांना माझ्या गाडीवर बसवून गावातल्या दवाखान्यात नेलं; तो त्यांची भाची रोवेना चालवते. ताई धावत आली आणि त्यांना ओढून हीटरपाशी बसवायला लागली.

"मामी, हीटर नको! चोळूही नका!" रोवेनाने कोमट पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. "मामा, हात यात घाला. आता दुखेल."

दुखलं. दाजींनी तोंडातून जे शब्द काढले ते शेजारच्या चर्चमधल्या बायकांना अजून आठवतात. बोटं मऊ पडली, पण लाल व्हायच्या ऐवजी जांभळी-करडी पडली. रोवेनाने अँकरेजच्या डॉक्टरांना फोन लावला आणि विमान मागवलं. सोबत मी गेलो.

विमानातली नर्स गोड होती, ऐकून घेणारी होती. त्यात दुखणं थांबवायचं इंजेक्शन झालेलं. दाजींनी गोष्ट सुरू केली. लांडगा आला, गाडी उलटली, डोकं बर्फावर आपटलं, डोळ्यांपुढे अंधार. नर्स मान हलवत होती. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे, बोलू दे बापड्याला.

अँकरेजला डॉक्टर हान नावाची तरुण बाई होती. तिने हातांच्या रक्तवाहिन्यांचं चित्र दाखवलं. तळहातापर्यंत काळ्या रेघा भरभरून आल्या होत्या आणि डाव्या बोटांच्या बुडाशी एकदम संपल्या होत्या.

"बोटं मऊ पडली तरी आत रक्ताच्या गुठळ्या झाल्यात, म्हणून रक्त पुढे जात नाही," ती म्हणाली. "गुठळ्या विरघळवणारं औषध आहे, पण ते एका दिवसाच्या आत द्यावं लागतं. वाईट एवढंच वाटतं, की डोक्याला मार लागलेल्याला ते देता येत नाही. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि विमानातल्या नर्सने लिहिलंय, तुम्ही तर बेशुद्ध पडला होतात."

उशीजवळ माझा फोन चालू होता. त्यातून ताईचा आवाज आला, "कोण बेशुद्ध पडलं?"

"लांडगा आला तेव्हा," डॉक्टर म्हणाली.

"कुठला लांडगा?"

दाजी छताकडे बघायला लागले. "लांडगा जरा लांब होता."

"किती लांब?"

"दिसत नव्हता."

"आणि गाडी?" डॉक्टरने विचारलं.

"बंद पडली. उलटली नाही. मोजा उडाला, मी मागे धावलो, सापडला नाही. डोक्याला काही झालं नाही." एवढी छोटी गोष्ट त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकली नव्हती.

डॉक्टर म्हणाली, "आता मी यातलं कुठलं खरं मानू?" आणि तिने डोक्याचा स्कॅन काढायला पाठवलं.

स्कॅन आला तेव्हा ताईने फोनवर विचारलं, "आत काय सापडलं?"

"काही नाही."

"मला वाटलंच होतं," ताई म्हणाली. डॉक्टरला हसू आवरेना.

पण नंतर ती गंभीर झाली. मार नसला तरी धोका पूर्ण जात नाही, निर्णय तुमचा, असं म्हणाली. दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "या बोटांवाचून मी नुसताच बडबडणारा म्हातारा उरेन रे." फोनवर ताई त्यांना हळूच म्हणाली, "तुला वाटतं ते कर. मी इथे आहे." दाजींनी मान डोलावली.

धमनीत बारीक नळी घालून औषध थेंबथेंब सोडलं. दाजींना हलायला बंदी. मेंदू ठीक आहे ना हे बघायला नर्स पुन्हा पुन्हा येऊन नाव आणि गाव विचारायची, आणि दर वेळी तेच साधं उत्तर द्यावं लागायचं. बोटांपेक्षा त्यांना त्याचाच जाच जास्त झाला. हिरड्यांतून थोडं रक्त आलं, तेव्हा मी घाबरलो. नर्स मात्र शांत होती.

दुसऱ्या दिवशीच्या चित्रात तीन बोटांमधल्या रेघा टोकापर्यंत गेल्या होत्या. करंगळीतली मध्येच अडली होती. डॉक्टरने दाजींचं मधलं बोट हातात धरलं आणि म्हणाली, "गरम आहे." दाजी रडले. मी चहा आणायला गेलो.

करंगळीचं टोक काळं पडत गेलं आणि काही आठवड्यांनी काढावं लागलं. बाकीची बोटं राहिली, पण थंडी लागली की अजून ठणकतात. वसंतात नाच झाला तेव्हा दाजींनी सोप्या तीन चाली वाजवल्या. अवघड चालीत बोट घसरलं, तर नाचणाऱ्यांनी पाय जोरात आपटून ती जागा भरून काढली.

मात्र शर्टाची बटणं त्यांना बरेच महिने लावता आली नाहीत. रोज सकाळी ताई त्यांच्यापुढे उभी राहायची.

"वरचं बटण घट्ट होतंय."

"बोलणं जरा कमी होईल," ताई म्हणायची, आणि हळूच ते सैल करायची.