विस्तवाला न शिवलेला पाव

माझी नात आता मला शिकवते. तिनं विजेवर चालणारी सुकवण्याची पेटी घेतली आहे. डिहायड्रेटर म्हणतात त्याला. बटणं आहेत, घड्याळ आहे. त्यात ती कच्चा पाव करते. दूध नाही, तूप नाही, भाजणं नाही. परवा मला म्हणाली, "आजी, ही अगदी नवीन पद्धत आहे हं." मला हसूच आलं. अगो, ही नवीन पद्धत मी तुझ्या बापाला कडेवर घेऊन केली आहे! तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं घर तेव्हाही मॉरिशसमध्ये प्लेन दे पपायलाच, तिन्ही बाजूंना ऊस. घरात आम्ही नवराबायको, मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे आये म्हणायचे, मीही आयेच म्हणायची. नणंद लांब, बेटाच्या दुसऱ्या टोकाला ग्रां बुआला दिलेली. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि गणपती आले. विसर्जनाला आये समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी राहिली, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, माझ्या लेकीचं बाळ सुखरूप हाती येऊ दे. तोवर विस्तवानं शिवलेलं काही तोंडात घालणार नाही."

आमचे मालक, म्हणजे आयेचा मुलगा, हळूच म्हणाले, "आये, नुसती साखर सोडली असतीस तर चाललं नसतं?"

"साखर गेलीच की त्यात! मिलमध्ये उकळते ना ती? तू तिथं रोज जातोस आणि मला विचारतोस?"

मग एकेक गोष्ट आमच्या लक्षात यायला लागली. भात गेला, डाळ गेली. चहा गेला, कारण पाला भट्टीवर वाळवतात. तूप कढवलेलं, म्हणून तेही गेलं. दूध न तापवता प्यायला तिचं मन घेईना. म्हणायची, "कच्चं दूध वासराचं." ऊस चालायचा, पण कापणीआधी ज्या शेताला आग लावलेली असेल त्यातला नाही. हातात कांडं आलं की आये आधी त्याचा वास घ्यायची. खरं सांगते, कुत्र्यासारखा!

आणि पाव. मॉरिशसमध्ये सकाळ म्हणजे पाव, आम्ही दिपें म्हणतो. आयेचा त्यावर फार जीव. पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवत आली की ती उठून खिडकी लावून घ्यायची.

महिना झाला, दीड महिना झाला. केळी, पपई, काकडी, नारळ यांवर किती दिवस काढणार? बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एक दिवस शुशूच्या, म्हणजे त्या दुधीसारख्या फळभाजीच्या, मांडवाखाली वेल सरळ करता करता ती खालीच बसली आणि तिला उठता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोटात धान्य गेलं पाहिजे. नाहीतर नातवंड बघायला या उरायच्या नाहीत."

मी गहू भिजवून दिले, चणे भिजवून दिले. पण तोंडात दात चार, तेही एकासमोर एक नाहीत. आये म्हणाली, "सूनबाई, मला कबुतर समजलीस का गो?"

नवस मोडायला तर ती तयारच नव्हती. "बाळ माझं नाही, तिचं आहे. मी मोडला आणि तिकडे काही झालं तर?" मलाही ती भीती होतीच.

त्याच आठवड्यात गावच्या केंद्रात आम्हा बायकांचा वर्ग होता. सरकारकडून एक मिस आली होती. तिनं अंगणात एक लाकडी पेटी मांडली, आतून काळी रंगवलेली, वर काच, खाली-वर भोकं. आत जाळीवर केळ्याचे काप आणि मिरच्या वाळत होत्या. "हात घालून बघा," म्हणाली. मी हात घातला आणि आयो! चटकाच बसला. तिथे धूर नाही, काडी नाही, जाळ नाही. आणि ऊब मात्र पावाच्या भट्टीच्या तोंडाशी असते तशी.

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. मिस मिरच्यांचं सांगत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या जाळीवर पाव! छत्री तिथेच विसरले. मुलाला काखोटीला मारलं आणि धावत घरी. दारातूनच ओरडले, "आये, सूर्य म्हणजे विस्तव का?"

ती काकडी किसत होती. मान वर न करता म्हणाली, "सूर्य देव आहे. केळं काय सावलीत पिकतं?"

"म्हणजे ऊन चालतं?"

"चालतं. तुझ्या डोक्याला जरा जास्त लागलेलं दिसतंय."

मालकांचं काम मिलमधलं, पण हात सुताराचा. जुनं कपाट मोडून त्यांनी दोन दिवसांत पेटी केली. वर खिडकीची काच, आत मच्छरदाणीची जाळी ताणलेली. मी पोर्ट लुईच्या बाजारातून आख्खे गहू आणले. एक दिवस भिजवले, दोन दिवस फडक्यात बांधून ठेवले. मोड अगदी तांदळाच्या दाण्याएवढे आले की थांबायचं, त्याहून लांबले तर कडू होतात. मग ते रॉश कारीवर वाटले. रॉश कारी म्हणजे आपला पाटा-वरवंटा. त्यात खोवलेलं खोबरं, एक मिरची, कोथिंबीर. मीठ? मिठासाठीही मी आयेला विचारून घेतलं. ती म्हणाली, "तामारँच्या मिठागरात उन्हातच होतं ते. घाल." केळीच्या पानावर भाकरी थापावी तसं थापलं, पण जाड. आणि पेटीत सरकवलं.

त्या दिवशी मी घरात किती वेळा होते आणि पेटीपाशी किती वेळा, विचारू नका. दुपारी पाव उलटले, पान सोलून काढलं. पानाच्या शिरा पावावर उमटल्या होत्या! दुसऱ्या दिवशी ऊन उतरेपर्यंत कडा कडक, मध्ये मऊ आणि वास गव्हाचा, खोबऱ्याचा, थोडा आंबूस. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि...

आता ऐका माझं शहाणपण. आमच्याकडे रीत आहे, रोज पहिल्या भाकरीचा तुकडा मोडायचा आणि चुलीला घास द्यायचा. लहानपणापासून केलेलं. बाकीच्यांसाठी भात रटरटत होता, चूल पेटलेली होती. माझा हात आपोआप गेला. पहिला तुकडा मोडला आणि टाकला जाळात!

मागे आये उभी होती.

"घास दिलास?"

"दिला," मी खुशीत म्हणाले. आणि मग माझ्या ध्यानात आलं.

"म्हणजे विस्तवानं आधी खाल्लं," आये म्हणाली. "आता त्याचं उष्टं मी खाऊ?"

मी रडायच्या बेताला आले. पाच दिवसांची मेहनत! पण आयेच्या हिशेबात खोट काढता येईना. सगळे पाव मालकांनी खाल्ले. वर म्हणतात, "मीठ जरा कमी आहे." मी त्यांच्याकडे असं बघितलं की चौथा पाव त्यांनी गुपचूप संपवला.

दुसऱ्या खेपेला मी स्वयंपाकघराचा रस्ताच धरला नाही. पेटीपाशीच पाव मोडला, पहिला घास कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि सूर्याला हात जोडले. एक मैना आली आणि घेऊन गेली. आये अंगणातल्या दगडावर बसली होती. तिनं तुकडा तोंडात टाकला. चार दातांनी चघळत राहिली, किती वेळ! मी तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"कसा आहे?"

"थांब गो, गिळू तर दे."

गिळला. मग दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. पूर्ण पाव संपवून पदरावर पडलेले कण वेचून खाल्ले. तेव्हाचा माझा आनंद काय सांगू! त्या दिवसापासून रोज पेटी चालू. कधी गाजर घाल, कधी ज़िरोमों, म्हणजे लाल भोपळा, किसून घाल. महिन्याभरात बांगड्या परत मनगटावर आल्या. आये लोकांना सांगायची, "माझी सून सूर्याकडून पाव भाजून घेते."

पण पुढे वादळांचे दिवस आले. एक सिक्लोन आमच्या बेटाला वळसा घालून गेला, पण ढग इथेच ठेवून गेला. नणंदेचे दिवस भरत आलेले आणि इकडे ऊन नाही. पेटीतला गोळा आंबून फेकावा लागला. दोन दिवस आये पुन्हा केळ्यांवर. तिसऱ्या दिवशी मालक कामावरून आले ते एक बल्ब घेऊनच. पेटीला खालून भोक पाडलं, तार ओढली. काच उबदार झाली, पाव वाळायला लागले. मी नाचायचीच बाकी होते!

आये आली, वाकून बघितलं. "हा कोण?"

"बल्ब, आये. यात जाळ नाही, बघ," मालक म्हणाले.

आयेनं उसाचं एक वाळकं पान काचेच्या गोळ्याला लावून धरलं. पान पेटलं नाही. मी देवाचं नाव घेतलं.

"बघितलंस? पेटत नाही. वीज धरणातल्या पाण्याची असते, आये. पाण्याची!"

"हो? आणि परवा कोण सांगत होतं, की आमच्या मिलमध्ये चिपाडं जाळून वीज करतात आणि तारेवर सोडतात? ती एवढी मोठी चिमणी काय उदबत्त्या जाळते?"

मालकांनी तार काढून घेतली. मिलची चिमणी आमच्या अंगणातून दिसायची, ती तेव्हाही धूर सोडत होती. ते पावही मालकांनीच खाल्ले. या खेपेला मिठाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी ऊन आलं. आये तेव्हा भिंत धरून चालत होती. मी सकाळीच थापून पेटी भरली आणि समोर बसून राहिले, जणू माझ्या बसण्यानं ऊन वाढणार होतं. दुपारी पाव अर्धवट ओले असताना रस्त्यावर सायकलची घंटा ऐकू आली. थांबेचना ती घंटा! कोपऱ्यावरच्या लाबुटिकमध्ये, दुकानात, फोन होता. तिथून आमचे मालक येत होते, एक हात हँडलवर, एक हवेत.

"आये! मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत! बाळ रडतंय, फोनमध्ये ऐकलं मी!"

आये होती तिथेच दगडावर बसली. पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते, हसत होती की रडत होती कळेना. मी तिच्या पायाशी बसले, मालक सायकल आडवी टाकून आले. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चूल पेटव गो."

मी धावले. घाईत तीन काड्या फुकट गेल्या. आये मागून आली, हातात पेटीतला अर्धवट पाव, एका बाजूला केळीचं पान अजून चिकटलेलं. पान तिनं सोललं, एक तुकडा मोडला आणि जाळात टाकला.

"घे बाबा," ती चुलीला म्हणाली, "पाच महिने तुझ्याशी बोलले नाही. राग धरू नकोस."

मग उरलेला पाव तव्यावर ठेवला, दोन्हीकडून भाजला आणि वाफ निघत असतानाच तोंडात घातला. आम्ही दोघं बघत उभे. चघळला, गिळला.

"कसा आहे आये?"

"बरा आहे." तिनं तवा खाली उतरवला आणि दारातून पेटीकडे बघितलं. "पण बाकीचे भाजू नकोस. ते उन्हातच होऊ देत."