आधी पातेले दाखवा

येत्या मंगळवारी रोझा आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी घराचे दार वाजवणार आहे. इथल्या ब्लॅकटाउन उपनगरातल्या आमच्या आरोग्य केंद्रात तिनेच मला हे सांगितले आणि शेजारी बसलेल्या सुनंदाताई पाटणकरांनी मान हलवून दुजोरा दिला. कोलंबियाहून आलेल्या याच रोझाने एके काळी ताईंच्या तोंडावर दार लावले होते. ताईंच्या साठीनिमित्त मला त्या दाराबद्दलच लिहायचे आहे.

माझी त्यांच्याशी ओळखही संशयातूनच झाली. ताई आरोग्य केंद्रातर्फे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांना भेटतात, मुलांच्या खाण्यापिण्याची विचारपूस करतात आणि गरज असेल तिथे मोफत धान्य-भाजी देणाऱ्या संस्थेशी त्यांची गाठ घालून देतात. त्यासाठी पन्नाशीनंतर त्या स्पॅनिश शिकल्या. आपल्या मराठी मंडळात मात्र कुजबुज होती, "आपली माणसं सोडून हिला तिकडे काय मिळतं?" मंडळाच्या अंकाचे संपादन माझ्याकडे असल्याने खरे काय ते पाहायला मी गेलो. ताईंनी लगेच ओळखले. "तुम्हीपण संशय घ्यायला आलात? बसा गाडीत. रांगेत तुमच्या पुढे बरेच जण आहेत."

त्या दिवशी रोझाकडे जायचे होते. तिच्या धाकट्या मुलीच्या रक्तात लोह फार कमी होते, म्हणून डॉक्टरांनी ताईंना कळवले होते. ताईंनी फॉर्म उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "घरात किती जण राहता?"

"तीन," रोझा म्हणाली. दाराशी चपला-बुटांचे लहानमोठे सात जोड होते. तिने ताईंच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिले. "तुम्हाला कोणी पाठवलं? घराच्या एजंटनं की व्हिसावाल्यांनी?" आणि दार बंद झाले.

गाडीत मी म्हणालो, "खोटं बोलली की हो ती!"

"तिचं नाही, माझं चुकलं. जोडे दिसत होते, तरी आकडा विचारला. बहिणीचं कुटुंब आत असेल, भाडेपट्ट्यावर त्यांची नावं नसतील. घर गेलं तर पोरांना घेऊन जाणार कुठे? संशय घेते म्हणजे शहाणी आहे."

पुढच्या आठवड्यात ताईंनी फॉर्म गाडीतच ठेवला. दाराच्या फटीतून त्यांनी एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही मिळवून देतो त्या मोफत धान्याचा तुमच्या व्हिसाशी संबंध नाही, हे या मोफत सल्ला देणाऱ्या वकिलांना विचारा. मी परत येईन." एवढे बोलून त्या निघाल्या. मला ते अर्धवट वाटले. मुलगी आजारी, आणि या चिठ्ठी देऊन परत!

तिसऱ्या खेपेला दार अर्धे उघडले. "विचारलं मी वकिलांना," रोझा म्हणाली. "दोनदा."

"छान केलंत. आता सांगा, राजमा कशात शिजवता? आधी पातेले दाखवा."

रोझाने कपाटाखालून भलेमोठे पातेले ओढून काढले. ताईंनी ते निरखले. "यात तिघांचा राजमा? यात तिघं आंघोळ करतील!" रोझा खळखळून हसली. आतल्या खोलीचे दार उघडले आणि बहीण, मेहुणा, मुले बाहेर आली. त्या आठवड्यापासून सात जणांचा शिधा येऊ लागला. काही महिन्यांनी मुलीचा रक्ताचा अहवाल सुधारलेला आला, तेव्हा रोझाने तो डॉक्टरांकडून निघून थेट ताईंना आणून दाखवला.

त्यानंतर ताईंनी एकाही घरात माणसे मोजली नाहीत. माझ्या पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतर त्या आमच्याकडे आल्या. मी ठोकून दिले, "सगळं ठीक आहे, नो वरीज." त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. पातेली कोरडी होती. आठवडाभर आमच्याकडे डबा आला, आणि त्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही.

हा लेखही त्यांनी संशयानेच वाचायला मागितला. "मला देवीबिवी केलं नाहीत ना?" नाही केले. दार बंद झाले की समोरच्याला दोष न देता आपला प्रश्न बदलणारी माणसे मी फार पाहिली नाहीत, एवढेच लिहिले.

ताई, तुमचे गुडघे टिकोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि शंभरीलाही कुणाचे तरी पातेले तपासायला तुम्ही उभ्या असा. मंगळवारी मात्र तुमच्याऐवजी रोझा दार वाजवणार आहे, तुम्हाला गाडीतच बसायचे आहे. तिने तसे बजावले आहे. त्या घरातले, एल साल्वादोरहून आलेले कुटुंब पहिल्या खेपेला बहुधा दार उघडणार नाही. रोझाने वकिलांच्या नंबरची चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवली आहे.