गाठीबाईंचा आजारी वाफा

तुळशीचं रोप उपटून मुळं बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नेवाशाला आमच्या घरी चहाला आल्या, वृंदावनापाशी थबकल्या, आणि माझी आई "अहो बाई, अहो बाई" म्हणेपर्यंत तुळस मातीसकट त्यांच्या हातात! "मुळांना गाठी आहेत. माती बदला," म्हणाल्या आणि शांतपणे चहा प्यायल्या. आई पुढे आठवडाभर मला बोलत होती.

आमच्या संशोधन केंद्रात सगळे त्यांना गाठीबाई म्हणत. त्यांचा विषय सूत्रकृमी. हा किडा डोळ्यांना दिसत नाही. तो मुळांत शिरतो, मुळांना गाठी येतात, आणि बटाट्याच्या सालीवर असे फोड उठतात की बाजारात कोणी हात लावत नाही. या किड्याला दाद न देणारा बटाटा काढायचा, एवढाच बाईंचा ध्यास. मी त्यांचा सहायक, म्हणजे बादली आणि खुरपं घेऊन मागे मागे फिरणारा. हिरव्यागार पिकावर कोणी भाळलं की त्या म्हणायच्या, "वरचं रूप बघून सोयरीक जमवू नका. खाली बघा."

बटाट्याची परीक्षा घ्यायला किडा लागतो. म्हणून त्यांनी एक वाफा मुद्दाम आजारी ठेवला होता. पावसाळ्यात त्यात वांगी लावायची, तीही किडे पोसायला. हिवाळ्यात त्याच वाफ्यात बटाटा. नव्या वाणाच्या ओळीशेजारी साध्या बटाट्याची ओळ असायची, तिला बाई 'शेजारीण' म्हणत. "शेजारीण पडली आणि ही उभी राहिली, तरच ही पास." कोणी वाफ्यात किडा मारायला निंबोळी पेंड टाकायला निघालं की बाई अंगावर धावून जात. रोगाला एवढं जपणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

त्यांचा एक वाण लागोपाठ दोन हंगाम टिकला होता. तिसरा हंगाम निघाला की वाण शेतकऱ्यांच्या हातात जाणार होता. त्या पावसाळ्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला सरकारने कसल्याशा सर्वेक्षणाला जुंपलं. वाफा आला बागेच्या विभागातल्या शफीकभाईंकडे. माणूस देवभोळा, कामाला वाघ. बाईंची जमीन आजारी आहे हे त्यांनी ऐकलं होतं, का आहे ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वाफाभर झेंडू लावला. झेंडूच्या मुळांपुढे हा किडा तग धरत नाही, हे माळीकाम करणाऱ्याला ठाऊक असतंच.

दसऱ्याच्या सुमारास मी सर्वेक्षण आटोपून परतलो, बाईही काठी टेकत आल्या. वाफा पिवळाधमक. "लई आजारी हुती जमीन, मॅडम. बरी केली," शफीकभाई हसत म्हणाले. माझं तर धाबं दणाणलं. बाईंनी काठीच्या टोकाने एक फूल वर उचललं. मग म्हणाल्या, "छान आलीत हो फुलं."

बटाटा तरीही लावला. काढणीला त्यांचा वाण स्वच्छ निघाला, पण शेजारीणही तितकीच स्वच्छ. केंद्राचे साहेब खूश! "वाण पास झाला की, मॅडम." बाई म्हणाल्या, "शेजारीण आजारीच पडली नाही, तर हिचं कौतुक कशाचं?" आणि स्वतःच चाचणी रद्द केली. शफीकभाईंना खरा प्रकार कळला तेव्हा ते बाईंना बघून वाट बदलायला लागले.

बाईंच्या निवृत्तीआधी एकच हिवाळा उरला होता. बाईंनी पारनेरकडचा एक शेतकरी गाठला आणि त्याचं सर्वांत किडकं रान मागितलं. तो चक्रावला. "चांगलं रान सोडून तुमाला ह्योच तुकडा पायजे व्हय?" बाई म्हणाल्या, "हाच. आणि त्यात काही टाकू नका, हात जोडते."

काढणीला आम्ही तिघं गेलो, रानाचा मालकही होता. शफीकभाईंना बाईंनी आग्रहाने आणलं होतं. शेजारणीचं रोप उपटलं, बादलीत धुतलं. गाठीच गाठी. बाईंचा चेहरा खुलला. मग आपल्या वाणाचं रोप उपटून त्या धुवायला बसल्या. माती कधीच निघून गेली होती, तरी धूतच राहिल्या. गाठी होत्या. दुसऱ्या रोपाला होत्या, तिसऱ्याला होत्या, ओळीच्या टोकापर्यंत होत्या. आमच्या वाफ्यातल्या किड्याला पुरून उरलेला बटाटा इथल्या वेगळ्या जातीच्या किड्यापुढे हरला होता. मला फार वाईट वाटलं.

शफीकभाई बांधावर मान खाली घालून बसले होते. बाईंनी पदराला हात पुसले आणि त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"शफीकभाई, इकडे बघा. तुमचा झेंडू नसता ना, तर हा बटाटा गेल्या वर्षीच पास झाला असता. या शेतकरीदादांसारख्या किती जणांच्या रानात गेला असता, माझ्या शब्दावर."

शफीकभाईंना रडू फुटलं. बाई त्यांची समजूत घालायला बांधावर शेजारी बसल्या, आणि दुखरा गुडघा धरून त्याही रडायला लागल्या.